आमचा रविवारचा डाव

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय काय छापायचा यावरच आधी दोन दिवस गेले. ‘आधुनिक बैठे खेळ’ लिहिलं तर लोक योगासनं समजतील, आणि ‘पत्ते व फासे’ लिहिलं तर अर्धे लोक येणार नाहीत, उरलेले अर्धे नको त्या अपेक्षेनं येतील. शेवटी नुसतं ‘खेळांविषयी’ असं छापलं. आपल्या गावाचं नाव खेळासाठी देशभर झालेलंच आहे, पण तो कोणता खेळ आणि जांब नदीत तो कसा होतो हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दरवर्षी येतं. आम्ही त्याबद्दल बोलणार नाही. आमच्या खेळात आजवरची सगळ्यात मोठी दुखापत म्हणजे मांडी घालून तीन तास बसल्यावर पायाला आलेल्या मुंग्या.

आम्ही म्हणजे पांढुर्ण्याची चार आणि सौंसरची तीन घरं. त्यात एक निवृत्त रेल्वेवाले आहेत, एक कापसाचे अडते, दोन शिक्षिका, संत्र्याच्या बगीच्यावर चालणारी दोन घरं, एक नागपूरला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन करणारे, आणि त्यांच्या सुना, लेकरं, आज्या. महिन्यातून दोन रविवारी दुपारी आम्ही एका घरी जमतो. चहा आणि चिवडा त्या घरचा, खोकी ज्याची त्याची. खोकी म्हणजे खेळांची. पुण्याला नोकरीला गेलेल्या आमच्यातल्या एका मुलानं दिवाळीला येताना पहिलं खोकं आणलं, तेव्हा घरच्यांना वाटलं मिठाई आहे.

त्या पहिल्या खोक्याचं नाव ‘कारकासोन’. फ्रान्समधल्या एका जुन्या तटबंदीच्या गावाचं हे नाव, खेळ मात्र जर्मन. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी तो तयार केला, 2000 साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत ‘वर्षातला उत्तम खेळ’ म्हणून त्याचा मान झाला. हा मान तिकडे 1979 पासून दिला जातो. यात पट नसतोच. जाड पुठ्ठ्याच्या बहात्तर चौकोनी फरश्या असतात. कुणावर रस्त्याचा तुकडा, कुणावर गावाच्या तटाचा, बाकी हिरवं शेत. आपली पाळी आली की एक फरशी उचलायची, कडेला कड जुळवून मांडायची आणि वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस ठेवायचा. आम्ही त्याला ‘गडी’ म्हणतो, आणि याहून चांगला शब्द कुठल्याच भाषेत नसेल, कारण आपल्याकडे खेळणारा तोही गडी आणि शेतावर राबणारा तोही गडीच.

हा गडी रस्त्यावर उभा केला तर रस्ता पूर्ण झाल्यावर गुण देऊन परत हातात येतो. गावात ठेवला तरी येतो. शेतात मात्र त्याला आडवा ठेवायचा असतो, आणि एकदा आडवा ठेवला की खेळ संपेपर्यंत तो उठत नाही. शेवटी त्याच्या शेताला लागून जितकी पूर्ण झालेली गावं असतील, त्या प्रत्येकाचे तीन गुण मिळतात. हा नियम वाचून दाखवला तेव्हा आमच्यातले बगीचेवाले काका म्हणाले, “बराबर आहे. शेतात एकदा पडला तो कुठं उठते?” सगळे हसले, तेही हसले, आणि त्या दिवशी ते जिंकले. कारण दुसऱ्याच्या शेताचा धुरा कुठून तोडून आपलं शेत त्याला जोडून घ्यायचं, ही विद्या त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या टेबलावर आजवर झालेल्या भांडणांपैकी निम्मी धुऱ्यावरून झालेली आहेत, आणि तहसीलीत न जाता मिटलेली आहेत.

त्यांच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, बाजूला बसून तो पहिला डाव पूर्ण पाहत होत्या. डाव संपल्यावर त्यांनी विचारलं, “फासा नाही, कवडी नाही, कोणाले मारणं नाही. मंग खेळ कायचा?”

आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेला. पुढच्या रविवारी आजींनी आपल्या कवड्या आणल्या, फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखली, मधल्या घरात आणि चार बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, “बसा.” अष्टचंग. चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोंगट्या म्हणजे चिंचोके, बांगडीचे तुकडे, तुरीचे दाणे, जे हाताशी असेल ते. चारही कवड्या उताण्या पडल्या की चंग, म्हणजे चार घरं आणि पुन्हा एक फेक. चारही पालथ्या पडल्या की अष्ट, म्हणजे आठ घरं आणि पुन्हा एक फेक. बाहेरच्या घरांना एक फेरी मारायची, मग उलट दिशेनं आतल्या घरांतून मधल्या फुलीत जायचं. पण आत शिरायची एक अट आहे : दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही.

ही अट आमच्या पुण्याच्या मुलाला फार आवडली. तो म्हणाला, आजकालचे जर्मन खेळ मुद्दाम असे बांधतात की कुणी मधेच बाद होऊ नये, कुणाचं फार नुकसान होऊ नये, सगळे शेवटपर्यंत टेबलावर राहावेत. आणि इथं उलटंच, मारल्याशिवाय घरच नाही. आजींनी त्याला सांगितलं, आमच्या वेळेस दुपारी बायका बसत, सासू-सुना एकाच पटावर बसत. सुनेनं सासूला काही बोलायची सोय नव्हती, पण सोंगटी मारायची होती. आम्हाला वाटतं, या नियमाचं इतकं नेमकं स्पष्टीकरण कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

आजी अष्ट फार टाकतात. आमच्यातल्या नववीतल्या मुलाला संशय आला. चार कवड्यांपैकी दोन उताण्या पडायचा संभव सोळात सहा, आणि चंग किंवा अष्ट पडायचा सोळात प्रत्येकी एक, हे त्यानं कागदावर मांडलं. कवडी नाण्यासारखी दोन्ही बाजूंनी सारखी पडते असं धरलं तर. मग तो आजींच्या कवड्या घेऊन शंभर वेळा फेकत बसला. कवडी नाण्यासारखी पडतच नाही, आणि आजींच्या कवड्या तर पालथ्याच जास्त पडतात. आजी म्हणाल्या, “मले माहीत आहे. म्हणून तर ह्या निवडल्या. दुसऱ्या चार डब्यात आहेत.” ऐंशी वर्षांच्या बाईनं मोजून-मापून कवड्या निवडल्या होत्या आणि आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

बाकीच्या काही खोक्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण अनेकजण विचारतात की घ्यायचं तर कोणतं घ्यावं.

‘कॅटन’ हा या सगळ्या नव्या लाटेचा थोरला भाऊ. क्लाउस टॉयबर यांचा, 1995 चा. बेट, वस्त्या, रस्ते, आणि वीट-लाकूड-लोकर-गहू-खनिज यांची अदलाबदल. दोन फाशांवर सात पडले की चोर हलतो, आणि ज्याच्या हातात सातापेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे टाकावे लागतात. छत्तीसपैकी सहा वेळा सात येतो, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा. आमचे अडते यात कुणाला ऐकत नाहीत. गहू हवा असला की ते लोकर मागतात. विचारलं तर म्हणतात, बाजारात गरज दाखवायची नसते. त्यांच्याबरोबर खेळून आमच्या मुलांना जे कळलं त्याची फी त्यांनी घेतली नाही, पण आम्हाला हा खेळ दोन तासांनंतर जरा रटाळ वाटतो हेही सांगून ठेवतो.

‘टिकट टू राइड’ हा आगगाड्यांचा, अॅलन मून यांचा, 2004 चा. त्याचा भारताचा स्वतंत्र नकाशा 2011 मध्ये आला. पण मूळ खेळाचं खोकं असल्याशिवाय तो खेळता येत नाही, हे विकत घेण्याआधी वाचा. आम्ही वाचलं नव्हतं. आपल्या चिठ्ठीवरची दोन शहरं एकाच नव्हे तर दोन वेगवेगळ्या मार्गांनी जोडली तर या नकाशावर जादा गुण मिळतात. आमचे रेल्वेवाले आजोबा यात रंगून जातात. एका हातात पत्ते आणि तोंडात सौंसरची छोटी रेल. ती 2015 मध्ये बंद झाली, तिच्या जागी मोठी लाइन आली, ते सगळं त्यांना मान्य आहे. पण छोट्या गाडीतून उतरून, कडेला बोरं वेचून पुन्हा चढता येत होतं की नाही यावर त्यांची पाळी निघून जाते. लोकांना खोटं वाटतं, त्यांना ते खरं करून दाखवायचं असतं, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचा मार्ग अडवून बसतं.

‘पँडेमिक’ या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला आणि जगभर पसरणारे रोग दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मॅट लीकॉक यांचा 2008 चा उत्तम खेळ आहे. आमच्याकडे ते खोकं आहे. 2020 नंतर दोन वर्षं आम्ही ते उघडलं नाही, आणि आता उघडतो तेव्हा एक काकू उठून चहा करायला जातात. त्यांना कुणी थांबवत नाही.

सावंतवाडीहून आमच्यातल्या एकांनी दशावतारी गंजिफा आणला. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे एकशेवीस. सावंतवाडीच्या राजवाड्यात 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही मरायला टेकलेली कला पुन्हा उभी केली, म्हणून आज तो विकत मिळतो. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा उतारी करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा. हुकूम नाही. आणि अर्ध्या रंगांमध्ये दहा मोठा, अर्ध्यांमध्ये एक्का मोठा! मेंडीकोट खेळण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या मंडळींची या नियमापुढे जी दैना झाली ती पाहायला हवी होती. तीन रविवार आम्ही झगडलो. आता तो संच काचेच्या कपाटात आहे. खरं सांगायचं तर आम्हाला तो खेळता आला नाही, नुसता पाहता आला. कुणाला नीट येत असेल तर शिकवा, आम्ही दोन्ही गावांतून येऊ.

सापशिडी आपल्या मोक्षपटातून निघाली, ल्यूडो आपल्या पचिशीतून, आणि 1896 साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, हे सगळं खरं आहे आणि भाषणात सांगायला छान आहे. आमच्या पोट्ट्यांना ते सांगितलं की ते विचारतात, “बरं, मग पाळी कोणाची?”

आता ज्या खेळासाठी आज बोलायला उभे राहिलो त्याकडे येतो.

‘कोडनेम्स’ हा व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा खेळ, 2015 चा. पुन्हा पाच बाय पाच. पण घरांच्या जागी पंचवीस शब्द मांडलेले असतात. दोन चमू. प्रत्येक चमूत एकजण इशारा देणारा. कोणता शब्द कोणाचा हे फक्त दोन्ही इशारेवाल्यांना दिसतं. एका चमूचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत, आणि एक शब्द काळा. त्या काळ्यावर बोट ठेवलं की डाव तिथंच संपला. इशारेवाल्यानं एकच शब्द आणि एक आकडा बोलायचा. आकडा म्हणजे त्या इशाऱ्यात किती शब्द बसतात तो. बस. हातवारे नाहीत, डोळे मिचकावणं नाही.

इंग्रजी खोकं आणलं तेव्हा पहिल्या डावातच कळलं की हा खेळ भाषेचा आहे आणि आमच्यातल्या निम्म्या माणसांना इंग्रजीत तो खेळता येणार नाही. दोन्ही शिक्षिकांनी ठरवलं, आपण मराठी शब्द करू. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले. मागे ‘चि. सौ. कां.’, पुढे स्केचपेननं एक शब्द. नुसते शब्द पुरत नाहीत, दोन-दोन तीन-तीन अर्थांचे लागतात, तरच गंमत येते. पाटी, माळ, तार, पान, पक्ष, खण, रास, वार, अंक. ‘बंडी’ लिहिला तर पुण्याहून आलेली सूनबाई म्हणाल्या, हे तर अंगात घालायचं. आमच्याकडची बंडी बैल जुंपायची असते. दोन अर्थ मिळाले, पत्ता पक्का झाला.

मग झाला तो डाव. रेल्वेवाल्या आजोबांचा चमू आणि त्यांच्याबरोबर त्यांची नात आणि नातू. नात सातवीत, नातू नववीत, तोच कवड्या मोजणारा. आजोबा इशारेवाले. त्यांनी बराच वेळ पंचवीस शब्द न्याहाळले आणि म्हणाले, “मृग. तीन.”

आजोबांच्या मनात होतं : पाऊस, पेरणी, संत्रा. सात-आठ जूनला मृग लागतो, पाऊस येतो, पेरणी होते. आणि मृगात फुलणारा तो मृग बहार, त्याची संत्री पुढं फेब्रुवारी-मार्चला तोडायला येतात. ज्याचा जन्म या दोन तालुक्यांत गेला त्याला यापेक्षा सोपा इशारा तो काय असणार. नातवानं लगेच बोट ठेवलं ‘जंगल’ या शब्दावर. मृग म्हणजे हरीण. जंगल समोरच्या चमूचं होतं. आजोबांनी कपाळाला हात लावला, पण नियमाप्रमाणे तोंड उघडता येईना.

पुढच्या डावात नात इशारेवाली. तिनं विचार करून सांगितलं, “शिक्षा. दोन.” तिच्या मनात शाळा आणि पुस्तक. आजोबांनी क्षणभरही न थांबता ‘तुरुंग’ उचलला. तुरुंग हा काळा शब्द होता.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. नात मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, “पण शिक्षा म्हणजे तर शिक्षाच ना. शाळेत सगळे तेच म्हणतात.” आणि तिचं चूक नव्हतं. ती हिंदीतून शिकते. तिच्या पुस्तकात शिक्षा म्हणजे शिक्षण आहे, चेष्टा म्हणजे प्रयत्न आहे, संसार म्हणजे जग आहे. घरी शिक्षा म्हणजे छडी, चेष्टा म्हणजे टवाळी, आणि संसार म्हणजे तिच्या आजीनं पन्नास वर्षं केला तो. 1956 साली नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो. रेघ नकाशावर ओढली गेली, पण ती शब्दांच्या मधूनही जाते हे आम्हाला त्या दिवशी पत्रिकेच्या तुकड्यांवर दिसलं. एकाच घरात, एका ताटात जेवणारी माणसं एकच शब्द उच्चारत होती आणि दोन वेगळ्या गोष्टी पाहत होती. रोजच्या बोलण्यात हे उघडं पडत नाही, कारण रोजचं बोलणं ‘जेवलास का’, ‘मोबाइल ठेव’ यापलीकडे फारसं जात नाही.

त्यानंतर आमच्यात चांगलीच वादावादी झाली, खेळाबाहेरची. एका शिक्षिकेचं म्हणणं होतं, मराठी शब्द आहेत तर अर्थही मराठीच चालतील. नाहीतर हे करायचं कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, असं केलं तर पोरं दर वेळी चुकतील, आणि चुकणारं पोर चौथ्या रविवारी येत नाही. नागपूरला जाऊन-येऊन करणाऱ्यांचं मत, दोन्ही अर्थ चालू द्या, आपण दोन्ही बोलतोच की. अडत्यांनी विचारलं, मग काळ्या शब्दावर बोट गेलं तर कोणत्या भाषेत हरलो म्हणायचं? शेवटी हात वर करून मतं घेतली. दोन्ही अर्थ चालतील असं ठरलं, एका मतानं. ज्या शिक्षिका हरल्या त्यांना तो निर्णय अजूनही मान्य नाही, आणि आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत हे लक्षात ठेवूनच आम्ही बोलत आहोत. त्यांचं म्हणणं चूक आहे असं आमच्यातल्या कुणालाही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

पण एक गोष्ट झाली. पुढच्या डावात जिंकायचं तर समोरचा माणूस शब्दात काय पाहतो हे माहीत हवं, हे पोरांच्या डोक्यात शिरलं. नातवानं एक वही केली. आजोबांना, आजीला, शेजारच्यांना विचारून शब्द आणि त्यांचे सगळे अर्थ लिहायचे. आता तिच्यात सव्वासहाशे शब्द आहेत. आंबिया, हस्त, वखर, डवरा, तास, काकर, वाफा, ओल. ‘तास’ला चार अर्थ निघाले. त्यातला नांगराचा तास त्याला ठाऊक नव्हता आणि शिकवणीचा तास आजीला ठाऊक नव्हता. वहीत मागच्या बाजूला पोरांचेही शब्द आहेत, आजी-आजोबांसाठी. ‘रील’ला आजी शिलाई मशीनवरचा दोरा समजल्या आणि तो डाव त्यांच्या चमूनं त्यामुळेच जिंकला.

मागच्या वर्षी आम्ही सुचवलं होतं की मंडपात एक टेबल खेळांसाठी ठेवावं. तेव्हा एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी ठाम विरोध केला. गणपतीपुढं फासे नकोत, पत्ते नकोत. आम्ही कायदा सांगायला लागलो. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, रमीसुद्धा मुख्यतः कौशल्याची असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली म्हटलं आहे, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर 2025 मध्ये संसदेनं बंदच केले आहेत. आमच्याकडे पैसा नाहीच, चिंचोकेसुद्धा पैजेवर लावत नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्या वडिलांचे तीन एकर पोळ्याच्या एका रात्रीत गेले. तुमच्या घरचं काही गेलेलं नाही, म्हणून तुम्हाला कलमं सुचतात.”

आम्ही गप्प बसलो. याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. टेबल मागच्या वर्षी मंडपात लागलं नाही.

या वर्षी ते आमच्या रविवारी दोनदा येऊन बसले. फाशाला हात लावत नाहीत, पत्त्याचा संच दिसला की खुर्ची मागे घेतात. लग्नपत्रिकेचे तुकडे मात्र चालतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी इशारा दिला, “जांब. दोन.” एका पोरानं ‘नदी’ उचलली, बरोबर. दुसरा शब्द कुणालाच सापडेना. तो होता ‘फळ’. जांब म्हणजे पेरू, पोरांना आता तो ‘अमरूद’ म्हणूनच माहीत आहे. वहीत तो शब्द त्याच दिवशी गेला, त्यांच्या हस्ताक्षरात.

कुणाला घरी सुरुवात करायची असेल तर महागडी खोकी घेऊ नका. बाहेरचे खेळ दोन-तीन हजारांच्या घरात जातात, आणि एक सोंगटी हरवली तर चिंचोकाच लावावा लागतो. अष्टचंगाला खडू पुरतो. शब्दांच्या खेळाला जुन्या पत्रिका आणि कात्री. नियम इंग्रजी पुस्तिकेत असले तर एकानं आधी वाचून या. आठ जणांनी मिळून नियम वाचणं हा आमच्या मते जगातला सगळ्यात वाईट खेळ आहे.

या वर्षी टेबल लागलं आहे. आरती झाल्यावर, महाप्रसादाच्या पंगती उठल्या की, सभागृहाच्या उजव्या खोलीत. फासे आणि पत्ते आम्ही आणलेले नाहीत. शब्दांची वही टेबलावर दोरीनं बांधून ठेवली आहे. तुमच्या घरचा एखादा शब्द त्यात नसेल तर लिहा, अर्थासकट, आणि एकाहून जास्त अर्थ असतील तर सगळे लिहा. फरशीवर अष्टचंगही आखलेला आहे. त्यावर ते ज्येष्ठ काका काही बोलले नाहीत, नुसतं पाहून पुढं गेले. आजी तिथंच बसलेल्या सापडतील. त्यांच्याशी खेळायला बसलात तर कवड्या मात्र घरून आणा.